डीव्हीडी रायटर घेताय? आधी सीपीयूचं झाकण उघडा

आमच्याकडे गोव्यात फोंड्याला चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की दोन-तीन जण तरी हमखास विचारतात, दादा घरच्या कम्प्युटरला डीव्हीडी रायटर बसवायचाय, कुठला घेऊ, आणि मी दरवेळी उलट विचारतो की सीपीयूचं झाकण उघडून आत बघितलंस का. कोणीच बघितलेलं नसतं. सगळे आधी किंमत बघतात, मग डब्यावर स्पीड २४ एक्स लिहिलाय की २२ एक्स ते बघतात, आणि घरी आणून बसवायला गेलं की कळतं केबलच लागत नाही. म्हणून एकदा नीट सगळं लिहून काढतोय, थोडं लांबेल, पण पैसे वाया जाण्यापेक्षा दहा मिनिटं वाचलेलं बरं.

पेनड्राइव्हच्या जमान्यात डीव्हीडी कशाला, तर त्याचं उत्तर आमच्या कपाटातच आहे. जत्रेतली नाटकं, भजनी सप्ताहातले गवई, घरातल्या चवथीच्या घुमट आरत्या (घुमट म्हणजे मातीच्या भांड्याला कातडं लावलेलं वाद्य), हे सगळं त्या काळात हँडीकॅमवर शूट करून डीव्हीडीवर टाकलेलं आहे. २००६ च्या एका आरतीत आमच्या काकांच्या हातात घोरपडीच्या कातड्याचं जुनं घुमट आहे. आता घोरपडीला हात लावायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे, घुमटाला बकऱ्याचं कातडं लावतात, पण तो जुना आवाज ऐकायचा तर ती डीव्हीडीच लावावी लागते. पेनड्राइव्ह घरातलं पोर कधी फॉरमॅट मारेल नेम नाही, एकदा राईट करून बंद केलेली डिस्क मात्र चुकून पुसली जात नाही. पेनड्राइव्ह, हार्डडिस्क ठेवाच, पण एक कॉपी अशी पण असू दे असं मला मनापासून वाटतं.

आता कम्पॅटिबल म्हणजे काय ते बघू. तीन जोड्या जमाव्या लागतात. कम्प्युटर आणि रायटर ही पहिली, रायटर आणि डिस्क ही दुसरी, आणि डिस्क आणि ती जिथे लावणार तो प्लेअर ही तिसरी. दुकानात फार तर पहिलीबद्दल बोलतात, ते पण आपण विचारलं तर.

पहिल्या जोडीपासून सुरू करू. कम्प्युटर बंद करा, मागची वायर काढा आणि मग झाकण उघडा. जुना रायटर किंवा हार्डडिस्क जिथे आहे तिथून मदरबोर्डकडे कसली केबल जाते ते बघा. रुंद, चपटी, करड्या रंगाची पट्टी असेल तर ती आयडीई, ४० पिनांची, आणि तिच्या सोबत पॉवरला चार जाड पिनांचा पांढरा मोलेक्स. बारीक, बोटाएवढ्या रुंदीची लाल किंवा काळी केबल असेल आणि टोकाला इंग्रजी एल अक्षरासारखी खाच असेल तर ती साटा, आणि तिची पॉवरची पट्टी पण तशीच पण जास्त रुंद असते. या दोन एकमेकांत बसत नाहीत, दाबून तर अजिबातच नाही. आज दुकानात नवीन जो मिळतो तो साटाच असतो, म्हणून जुना फक्त आयडीईवाला बोर्ड असेल तर एकतर कन्व्हर्टर लावायचा नाहीतर सरळ यूएसबीचा बाहेरचा रायटर घ्यायचा. माझं मत विचाराल तर दुसरं, कारण कन्व्हर्टर एका बोर्डावर चालतो आणि दुसऱ्यावर रुसतो, आणि कुणाकडून जुना आयडीई रायटर मिळालाच तर मागच्या जंपरवर (बारीक पिनांवर बसणारी छोटी टोपी) मास्टर-स्लेव्ह, म्हणजे पट्टीवरचा पहिला कोण आणि दुसरा कोण, ते नीट सेट करावं लागतं, एकाच पट्टीवर दोन मास्टर लावले तर दोन्ही दिसत नाहीत.

साटा असेल तरी दोन गोष्टी बघायच्या. एक, बोर्डावर पोर्ट मोकळा आहे का आणि एसएमपीएसमधून, म्हणजे आतल्या पॉवर सप्लायच्या डब्यातून, साटा पॉवरची एक पट्टी मोकळी लोंबतेय का. दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते: नवीन बोर्डांवर एम डॉट टूवाली एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी वापरतात ती, सरळ बोर्डावर बसणारी पट्टी) लावली की काही साटा पोर्ट आपोआप बंद होतात, कारण दोघांची लाईन एकच असते. रायटर नवा, केबल नवी, आणि विंडोजमध्ये दिसतच नाही असं झालं तर रायटर परत करायला पळायच्या आधी केबल दुसऱ्या पोर्टात लावून बघा. कुठला पोर्ट बंद होतो ते बोर्डाच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ड्रायव्हरची सीडी वगैरे मात्र लागत नाही, विंडोज रायटरला स्वतःच ओळखतं.

आणि जागा! सव्वापाच इंचाचा तो समोरचा आडवा खण, तोच आजकालच्या काचेच्या कॅबिनेटना नसतो. माझ्या म्हापशाच्या भाच्याने साटा रायटर आणला, केबल पण आणली, सगळं बरोबर, आणि कॅबिनेटच्या पुढे नुसते पंखे. शेवटी तो रायटर आमच्या जुन्या मशीनला लागला आणि त्याने यूएसबीवाला घेतला.

लॅपटॉपवाल्यांनी पट्टी घेऊन जाडी मोजायची. लॅपटॉपचे रायटर मुख्यतः दोन जाडीचे येतात, १२.७ मिलीमीटर आणि ९.५ मिलीमीटर. जाड रायटर पातळ खणात जात नाही हे उघड आहे, पातळ रायटर जाड खणात जातो पण खाली-वर हलतो आणि डिस्क फिरताना थरथरतो. जुना रायटर काढला की त्याच्या मागे एक छोटी पत्र्याची पट्टी असते, दोन बारीक स्क्रूंची, ती काढून नव्याला लावायची, आणि पुढचं प्लास्टिकचं तोंड पण जुन्याचंच लावायचं नाहीतर लॅपटॉपच्या कडेला ते बेढब दिसतं आणि कधी कधी ट्रे अडकतो. जुना रायटर कचऱ्यात टाकायची घाई करू नका ती यासाठी.

यूएसबीवाला बाहेरचा रायटर म्हणजे आत लॅपटॉपचाच पातळ रायटर असतो, एका प्लास्टिकच्या डबीत घातलेला, आणि मध्ये साटाचं यूएसबी करणारं छोटं सर्किट. घरात वेगवेगळी मशीन असतील तर हाच घ्यावा, मी पण आता हाच सुचवतो. पण याचा एक रोग आहे, पॉवर. जुना यूएसबी २.० पोर्ट नियमाने ५०० मिलीअँपिअर देतो, ३.० वाला निळा पोर्ट ९००. डिस्क वाचताना भागतं, पण राईट करताना लेझर जोरात पेटतो आणि मोटर पण पळत असते, तेव्हा त्याला त्याहून जास्त लागू शकतं. मग काय होतं की डिस्क फिरते, कट्-कट् आवाज येतो, थांबते, परत फिरते, आणि स्क्रीनवर पॉवर कॅलिब्रेशन एरर. लोकांना वाटतं रायटर गेला. माझ्याकडे एका शेजाऱ्याने असाच "बाद झालेला" रायटर आणून दिला, मी तो सीपीयूच्या पुढच्या पोर्टातून काढून मागे, मदरबोर्डच्या स्वतःच्या पोर्टात लावला आणि पहिल्याच फटक्यात पूर्ण डीव्हीडी राईट झाली. पुढचे पोर्ट लांब बारीक वायरने जोडलेले असतात, तिथे व्होल्टेज पडतं. तेव्हा मागचा पोर्ट, आखूड केबल, आणि मध्ये हब नको, हब लागतच असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला. काही रायटरसोबत दोन तोंडांची केबल येते, तिची दोन्ही तोंडं लावायची असतात, एक शोभेला नाही.

ॲपलचा सुपरड्राइव्ह म्हणून जो सुंदर दिसणारा रायटर आहे तो मॅकसाठीच आहे, विंडोजवर तो सरळ चालत नाही. परदेशातून कोणी भेट आणलाच तर आधी घरात मॅक आहे का ते बघा.

पुढे जायच्या आधी एक फसवणूक सांगतो, सेकंडहँड मालात फार होते. ड्राइव्हच्या तोंडावर डीव्हीडी लिहिलंय म्हणजे तो डीव्हीडी राईट करतो असं नाही. नुसतं डीव्हीडी-रॉम असेल तर फक्त वाचतो. कॉम्बो असेल तर डीव्हीडी वाचतो आणि राईट फक्त सीडी करतो. राईट करणाऱ्यावर मल्टी रेकॉर्डर किंवा सुपर मल्टी किंवा डीव्हीडीच्या पुढे आरडब्ल्यू असं काहीतरी लिहिलेलं असतं. ब्ल्यू-रेमध्ये पण तीच गंमत, ब्ल्यू-रे कॉम्बो म्हणजे ब्ल्यू-रे वाचणार आणि राईट फक्त डीव्हीडी-सीडी, पैसे मात्र ब्ल्यू-रेच्या नावाने घेतील.

हे असं का असतं ते समजून घेतलं की पुढे कधी फसणार नाही. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो जो डोळ्याला दिसत पण नाही, डीव्हीडीला ६५० चा लाल, आणि ब्ल्यू-रेला ४०५ चा निळसर जांभळा. जेवढी लाट बारीक तेवढा ठिपका बारीक, म्हणून त्याच १२ सेंटीमीटरच्या तबकडीवर सीडीत ७०० एमबी मावतात, डीव्हीडीत ४.७ जीबी, डबल लेयरमध्ये, म्हणजे दोन थरांच्या डीव्हीडीत, ८.५, आणि ब्ल्यू-रेच्या एका थरात २५ जीबी. डीव्हीडी रायटरला कुठलंही सॉफ्टवेअर घालून ब्ल्यू-रे वाचायला लावता येत नाही, कारण आत तो लेझरच नाही. आणि ४.७ ची डिस्क कम्प्युटरमध्ये ४.३८ दिसते त्यात दुकानदाराची चूक नाही, डिस्कवाले हजाराने मोजतात आणि विंडोज १०२४ ने.

आता दुसरी जोडी, रायटर आणि डिस्क, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त डोकेदुखी इथेच आहे. कोऱ्या डीव्हीडीत एक रंगाचा थर असतो, लेझर त्याला बारीक-बारीक जागी भाजतो, भाजलेली जागा आणि कोरी जागा मिळून डेटा. किती जोरात भाजायचं, किती वेळ भाजायचं हे प्रत्येक कंपनीच्या थराप्रमाणे वेगळं. म्हणून कोऱ्या डिस्कवर आतल्या कडेला एक कोड आधीच छापलेला असतो, रायटर डिस्क घेतल्यावर पहिल्यांदा तो कोड वाचतो आणि आपल्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे रायटरच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, त्या डिस्कची कृती शोधतो. घावनाचं पीठ बघून बायका विस्तव कमी-जास्त करतात ना, अगदी तसं. कृती सापडली तर उत्तम, नाही सापडली तर अंदाजाने एक साधारण कृती वापरतो आणि मग डिस्क राईट होते पण दुसऱ्या प्लेअरमध्ये अडखळते. यामुळेच एकाच्या रायटरवर मस्त चालणारी डिस्क दुसऱ्याच्या रायटरवर रद्दी होते आणि दोघं एकमेकांना खोटं ठरवतात. उपाय दोन. रायटरच्या कंपनीने नवीन फर्मवेअर दिलं असेल तर ते घालणं, आणि ५० डिस्कचा स्पिंडल (एकावर एक रचलेल्या डिस्कचा डबा) उचलायच्या आधी त्याच डिस्क दोन-चार सुट्या आणून करून बघणं. एकाच ब्रँडच्या डिस्क वेगवेगळ्या कारखान्यांतून येतात, कव्हर तेच आणि आतला कोड वेगळा, त्यामुळे गेल्या वर्षी चांगल्या निघाल्या म्हणून यंदा पण निघतील असं धरू नका. पूर्वी मोझर बेअरच्या डिस्क इथे गल्लोगल्ली मिळायच्या, ती कंपनी २०१८ ला दिवाळखोरीत बंद पडली, तेव्हा आज कुठे त्या नावाच्या कोऱ्या डिस्क दिसल्या तर त्या किती वर्षं पडून आहेत हे लक्षात घ्या.

प्लस आर आणि मायनस आर, म्हणजे एकदाच राईट होणाऱ्या कोऱ्या डीव्हीडीच्या दोन जाती, हा घोळ पण सांगतो. मायनस आर आधी आली, १९९७ च्या सुमारास पायोनिअरने काढलेली, प्लस आर २००२ ची, फिलिप्स-सोनीच्या गटाची. दोन गट भांडले आणि त्रास आपल्याला. गेल्या पंधरा-वीस वर्षांतला कुठलाही डीव्हीडी रायटर दोन्ही राईट करतो, त्यामुळे रायटरसाठी हा प्रश्न संपला, प्लेअरसाठी नाही. घरात खूप जुना डीव्हीडी प्लेअर असेल तर त्याला साधारणपणे मायनस आर जास्त मानवते. डबल लेयर घ्यायची तर मात्र प्लस आर घ्या. आणि आरडब्ल्यू, म्हणजे पुसून परत लिहायची, ती ठेवणीच्या कामाला वापरूच नका.

तिसऱ्या जोडीचा धडा मला २०१२ च्या चवथीला मिळाला. मी त्या २००६ च्या आरतीची आणि दोन नाटकांतल्या प्रवेशांची मिळून एक डीव्हीडी बनवली, २५ कॉप्या काढल्या आणि आरतीला आलेल्या घरोघरच्या माणसांना वाटल्या. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन, टीव्हीवर नो डिस्क येतंय. वाड्यावरच्या एका आजीचे यजमान त्या आरतीत झांज वाजवताना दिसतात, ते जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, ती म्हातारी सकाळी अंघोळ करून टीव्हीपुढे बसली होती आणि निळ्या स्क्रीनशिवाय काही नाही. मला फार वाईट वाटलं. चूक अशी होती की कोरी डिस्क घातली की विंडोज विचारतं, ही पेनड्राइव्हसारखी वापरायची का सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी, आणि मी पहिला पर्याय तसाच ठेवून फाईल कॉपी मारल्या होत्या. त्या पर्यायाने केलेली डिस्क कम्प्युटरला दिसते, टीव्हीखालच्या प्लेअरला बहुतेक वेळा नाही. दुसरी चूक, त्या फाईल एमपी४ होत्या. साध्या डीव्हीडी प्लेअरला एमपेग-२ प्रकारचा व्हिडिओ लागतो, तो पण ठरावीक फोल्डरमध्ये ठरावीक नावांनी, आणि आपल्याकडे पाल (PAL) या टीव्हीच्या पद्धतीचा, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चित्रं. हे काम डीव्हीडी स्टायलर नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर करून देतं, एका डिस्कवर चांगल्या दर्जाचे साधारण दोन तास मावतात, त्यात चार तास कोंबले तर चेहरे चौकोनी होतात. आणि शेवटी डिस्क फायनलाईज, म्हणजे बंद करायची. बंद न केलेली डिस्क ज्या रायटरवर केली तिथे दिसते आणि बाकी ठिकाणी नाही. त्या रात्री जागून आजीची डिस्क परत बनवली आणि सकाळी स्वतः जाऊन लावून दिली.

अमेरिकेत पाठवायची असेल तर तिकडे पाल चालेलच असं नाही, तिकडची एनटीएससी ही टीव्हीची पद्धत निवडून करा. स्विंडन किंवा लिस्बनच्या नातेवाइकांकडे पालच चालतं. तिकडून कोणी विकतची सिनेमाची डीव्हीडी आणली तर ती रीजन २ ची असते (विकतच्या डीव्हीडीसाठी जगाचे असे विभाग पाडलेले आहेत) आणि आपला भारत रीजन ५, कम्प्युटरच्या ड्राइव्हचा रीजन बदलता येतो पण फक्त पाच वेळा, पाचव्यांदा जो ठेवला तो कायमचा. घरी बनवलेल्या डिस्कला रीजनची भानगड नसते.

ब्ल्यू-रे रायटर घ्यावा का? फोटो आणि व्हिडिओ शेकडो जीबी असतील आणि ते वर्षानुवर्षं ठेवायचे असतील तर विचार करा, एरवी नको. डिस्क महाग, विंडोजमध्ये ब्ल्यू-रे सिनेमा बघायला वेगळं विकतचं सॉफ्टवेअर लागतं, आणि सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये राईट करायच्या ब्ल्यू-रे डिस्क बनवणं थांबवलं, म्हणजे बाजार आटत चाललाय. घेणार असाल तर कोऱ्या डिस्कवर एलटीएच लिहिलेल्या टाळा, त्यांत डीव्हीडीसारखा सेंद्रिय रंग असतो, साध्या बीडी-आरमध्ये (एकदाच राईट होणारी ब्ल्यू-रे) खनिज थर असतो जो जास्त टिकाऊ समजतात. डीव्हीडीमध्ये टिकाऊ हवं असेल तर एम-डिस्क असते, वाचायला कुठलाही डीव्हीडी ड्राइव्ह चालतो, पण राईट करायला जास्त जोराचा लेझर लागतो, म्हणून रायटरवर एम-डिस्कचं चिन्ह आहे का ते बघूनच घ्यायचं. माझ्याकडे तसा आहे.

स्पीडचं फार मनावर घेऊ नका. डीव्हीडीचा १ एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे १.३५ एमबी, पूर्ण डिस्क १ एक्सने तासाभराची. १६ एक्सने पाच-सहा मिनिटं, ८ एक्सने आठ-नऊ मिनिटं. तीन मिनिटं वाचवून करायचंय काय. मी १६ एक्सच्या डिस्क ८ एक्सनेच राईट करतो, त्याहून फार खाली जात नाही कारण त्या डिस्कची कृती खूप कमी स्पीडसाठी बनवलेलीच नसते. राईट झाल्यावर व्हेरिफाय, म्हणजे लिहिलेलं बरोबर उतरलंय का ते सॉफ्टवेअरकडून तपासणं, करायचंच, आणि शक्य असेल तर दुसऱ्याच मशीनवर उघडून बघायचं. राईट चालू असताना लाईट गेली तर ती डिस्क गेलीच, म्हणून पावसाळ्यात यूपीएसशिवाय मी हात घालत नाही.

पावसाळ्याचं अजून एक. आपल्याकडे चार महिने हवेत पाणीच असतं, कपाटात चपलांवर बुरशी येते तिथे डिस्कवर पण येते. प्लास्टिकच्या पाकिटांत कोंबू नका, ती डिस्कला चिकटतात, कडक डब्यात उभ्या ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाका, उन्हात ठेवू नका. रायटर पण महिन्या-दोन महिन्यांनी एकदा नुसता चालवा. सीडीवर खालून ओरखडा आला तर एकवेळ चालते, पण वरून, लेबलच्या बाजूने आला तर संपली, कारण सीडीचा डेटा लेबलच्या लगेच खाली असतो, डीव्हीडीचा दोन प्लास्टिकच्या मध्ये. म्हणून बॉलपेनने लिहायचं नाही आणि स्टिकर चिकटवायचा नाही, डिस्कचा मार्कर मिळतो त्याने मधल्या पारदर्शक कड्यात लिहायचं.

त्या २००६ च्या डीव्हीडीची नवी कॉपी मी गेल्या आठवड्यात काढली, एम-डिस्कवर, यूएसबीच्या रायटरवर, मागच्या पोर्टातून. एक आमच्याकडे आहे आणि एक भाचा म्हापशाला घेऊन गेला. त्याने तिकडे त्याच्या ड्राइव्हवर लावून फोन केला आणि काही न बोलता फोन स्पीकरजवळ धरला, पहिली थाप पडली आणि इकडे काकी स्वयंपाकघरातून बाहेर आली.